एक लेख, चार जणांचं काम: नाव कोणाचं, कुठे आणि कोणत्या शब्दांत?

पानजुळणी (प्रश्न)

एका त्रैमासिकाचं आणि त्याच्या वेबसाइटचं काम पाहतो. लेखकांची नावं कशी द्यायची याचे लेखी नियम करायचे आहेत, कारण दर अंकाला तोच वाद नव्याने होतो. एक नमुना देतो, त्याला धरूनच बोललात तर बरं.

साधारण १,८०० शब्दांचा लेख. 'क' यांनी विषय सुचवला, जागेवर जाऊन माहिती जमवली आणि पहिला मसुदा लिहिला. 'ख' यांनी दोन तज्ज्ञांशी फोनवर बोलून टिपणं दिली, त्यातली चार अवतरणं लेखात आली. उपसंपादक 'ग' यांनी लेखाची सुरुवात नव्याने लिहिली, क्रम बदलला, ४०० शब्द कापले. मधल्या चौकटीतला मजकूर वृत्तसंस्थेच्या बातमीवरून घेतलेला आहे. समोरच्या पानावर एका निवृत्त अभियंत्याचा लेख आहे, तो त्यांनी तोंडी सांगितला आणि 'ख' यांनी लिहून काढला.

१. शीर्षकाखाली कोणाकोणाचं नाव? शेवटी कोणाचं?
२. 'ग' म्हणतात की निम्मा लेख माझा आहे. त्यांचं नाव द्यायचं का?
३. दोन नावं असतील तर आधी कोणतं?
४. कायद्याने नाव देणं बंधनकारक आहे का, की तो सौजन्याचा भाग?
५. वेबसाइटवर सगळ्या जुन्या लेखांखाली 'अ‍ॅडमिन' दिसतं. ते कसं निस्तरायचं?

रात्रपाळी

पहिलं म्हणजे कोणाचे किती शब्द हे मोजणं सोडा. त्यातून भांडण मिटत नाही, उलट पुढच्या खेपेला लोक शब्द वाढवून देतात. विचारायचे प्रश्न दोनच. माहिती कोणी मिळवली? आणि लेख छापून आल्यावर कोणी फोन करून 'हे कशावरून लिहिलंत?' असं विचारलं, तर उत्तर कोण देणार? या दोन्हींचं उत्तर जो माणूस, त्याची बायलाइन, म्हणजे शीर्षकाखाली त्याचं नाव.

तुमच्या नमुन्यात शीर्षकाखाली एकटे 'क'. 'ख' यांचं नाव लेखाच्या शेवटी, तिरप्या अक्षरांत: 'अतिरिक्त माहिती: ख'. 'ख' यांना वर घ्यायचं की नाही हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. त्यांनी दिलेला मजकूर झाकून लेख वाचा. मुख्य दावा तसाच उभा राहत असेल तर नाव खाली. तो दावाच त्या दोन तज्ज्ञांच्या बोलण्यावर टेकलेला असेल तर चारच अवतरणं असली तरी 'ख' सहलेखक, आणि नाव वर.

'ग' यांचं नाव नको. सुरुवात नव्याने लिहिणं, क्रम लावणं, कापणं हे उपसंपादनच आहे, मग ते कितीही जड हाताने केलेलं असो. त्यांच्या कष्टांना कमी लेखायचं नाही. पण वर नाव आलं की वाचक समजतो, या माणसाने लेखातली माहिती स्वतः पाहिली-पडताळली आहे. 'ग' त्या जागेवर गेलेलेच नाहीत. याला अपवाद एक: संपादन करताना 'ग' यांनी स्वतः फोन करून नवी माहिती मिळवली आणि ती लेखात गेली, तर तेवढ्यापुरते तेही 'अतिरिक्त माहिती'च्या ओळीत. एरवी संपादकांचं श्रेय अंकाच्या श्रेयनामावलीत असतं. तुमच्या अंकात ती नसेल तर आधी ती सुरू करा. 'ग' यांची निम्मी तक्रार बहुधा तिथेच संपेल.

आता चौकट. वृत्तसंस्थेचा मजकूर असेल तर तिचं नाव द्यायचंच, आणि करारात जसं लिहिलंय तसंच. त्यात आपल्या बातमीदाराने काही भर घातली असेल तर 'प्रतिनिधी आणि वृत्तसंस्था'. वृत्तसंस्थेचे चार परिच्छेद, आपला एक, आणि वर फक्त आपल्या माणसाचं नाव, हा प्रकार रोज कुठे ना कुठे होतो. तो चुकीचा तर आहेच, शिवाय अंगाशीही येतो. वृत्तसंस्था कधी दुरुस्ती पाठवते, कधी बातमीच मागे घेते. मजकुरावरून तिचं नाव काढून टाकलेलं असेल, तर मागे घेतलेली बातमी आपल्या कोणकोणत्या पानांवर आहे हे शोधायला काही साधनच उरत नाही.

स्थळओळीबद्दलही नियमात लिहा. लेखाच्या सुरुवातीला गावाचं नाव म्हणजे बातमीदार तिथे होता, असा त्याचा अर्थ. फोनवरून काम केलं असेल तर स्थळओळ टाकू नका. २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार रिक ब्रॅग यांचं प्रकरण याच मुद्द्यावरून पेटलं. आदल्या वर्षीच्या एका लेखातलं प्रत्यक्ष जागेवरचं बरंचसं काम एका मुक्त सहायकाने केलं होतं आणि बायलाइन एकट्या ब्रॅग यांची होती. त्या सहायकाचंही नाव द्यायला हवं होतं असा खुलासा वृत्तपत्राने छापला, ब्रॅग यांना निलंबित केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. सहायकाचं नाव न देण्याची रीत तेव्हा बऱ्याच ठिकाणी रुळलेली होती, म्हणूनच ते प्रकरण इतकं गाजलं.

अभियंत्यांच्या लेखाचं उत्तर सरळ आहे. मजकूर प्रथमपुरुषी असेल तर वर त्यांचं नाव, खाली 'शब्दांकन: ख'. त्याला दोन अटी. एक, अंतिम मजकूर त्यांनी वाचून लेखी होकार द्यायला हवा, ईमेलवर 'ठीक आहे' एवढंही पुरतं. दोन, त्यांनी न सांगितलेला एकही मुद्दा 'ओघासाठी' घालायचा नाही. तोच मजकूर प्रश्नोत्तरांत ठेवलात तर ती मुलाखत होते, मग लेखक 'ख', आणि अभियंते हा लेखाचा विषय. एकच ध्वनिमुद्रण, दोन वेगळ्या मांडण्या, आणि श्रेय अगदी उलटं. म्हणून मांडणी आधी ठरवा.

पुरवणीवाला

क्रमाबद्दल रात्रपाळींच्या आधी मीच लिहितो, कारण मला ठाऊक आहे ते काय म्हणणार. वर्णानुक्रम लावा. वाद नाही, चर्चा नाही.

रात्रपाळी

वर्णानुक्रम म्हणजे नावाचा की आडनावाचा? तिथपासून वाद सुरू होतो. आणि 'अ'चे लोक जन्मभर पहिले, 'ह'चे जन्मभर शेवटी. एकूण १२ संशोधकांची यादी असेल तर चालेल. दोघांच्या लेखात ज्याने मसुदा लिहिला तो आधी. काम खरोखर समसमान असेल आणि मालिका असेल तर एका भागात एक आधी, पुढच्यात दुसरा. तिघांपर्यंत नावं वर चालतात. चौथं आलं की वर मुख्य दोघं आणि बाकीचे शेवटच्या ओळीत, नाहीतर मोबाइलवर शीर्षक आणि मजकूर यांच्यामध्ये नावांचीच भिंत उभी राहते.

पुरवणीवाला

मालिकेपुरतं मान्य. पण 'मसुदा कोणी लिहिला' हे लेख छापायला जाताना आठवून ठरवणार असाल तर ते स्मरणशक्तीचं भांडण आहे. लेख सोपवताना एका ओळीत लिहून ठेवा: लेखन कोण, माहितीला मदत कोण, नावांचा क्रम काय. काम बदललं तर ओळ बदला. ही ओळ मसुद्याच्या फाइलमध्येच पहिल्या पानावर राहू दे. वेगळ्या चॅटमध्ये ठरवलेलं पानं लावणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आणखी एक, ज्याकडे नियम करणारे हमखास दुर्लक्ष करतात. एका लेखकाचं नाव अंकात एकाच जागी नसतं. अनुक्रमणिका, लेखाचं पहिलं पान, पानाची तळओळ, शेवटचा परिचय, कधी मुखपृष्ठ, मग वेबसाइट, समाजमाध्यमावरची पोस्ट आणि मानधनाची यादी. आठ जागा, आणि आठही ठिकाणी वेगवेगळी माणसं ते नाव हाताने टाइप करतात. एकीकडे 'डॉ.' असतं, दुसरीकडे नसतं, तिसरीकडे आद्याक्षरं उलटी. यावर उपाय म्हणजे लेखकाकडूनच 'नाव असं छापावं' अशी एक ओळ लेखी घ्यायची आणि सगळीकडे ती कॉपी करायची, टाइप करायचीच नाही. उपाध्या हव्यात की नकोत हे लेखकागणिक ठरवू नका. एक तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. आमचा कौल 'कोणालाच नाही'कडे. पदवी लेखाच्या विषयाशी संबंधित असेल तर ती परिचयात जाते.

परिचयाची ओळ, म्हणजे ते '(लेखक अमुक विषयाचे अभ्यासक आहेत.)', ती २५ शब्दांच्या आत ठेवा. तिचं खरं काम गौरव करणं नाही. लेखकाचा विषयाशी काय संबंध आहे हे वाचकाला कळावं, यासाठी ती असते. एखाद्या उद्योगाच्या बाजूने लिहिणारा माणूस त्याच उद्योगाचा सल्लागार असेल तर ते इथे यायलाच हवं. 'मते वैयक्तिक आहेत' एवढं लिहून हितसंबंध झाकले जात नाहीत.

दुभाषी

अनुवादाचा मुद्दा प्रश्नात नाही, पण नियम करताय तर आत्ताच घाला, कारण सर्वांत जास्त श्रेय इथेच गळतं.

शब्द नेमके वापरा. 'अनुवाद' म्हणजे पूर्ण लेख, क्रम तोच. 'संक्षिप्त अनुवाद' म्हणजे कापलेला, पण भर काही नाही. 'रूपांतर' म्हणजे उदाहरणं, संदर्भ बदललेले. 'आधारित' म्हणजे मूळ लेखातली माहिती घेतली, वाक्यं आणि मांडणी स्वतःची. चौघांमधली सर्वांत सैल वाटणारी पायरी म्हणजे 'आधारित', आणि तिचाच गैरवापर होतो. परिच्छेदाला परिच्छेद मूळ लेखाचा, आणि खाली बारीक 'एका परदेशी लेखावर आधारित'. हा अनुवाद आहे, तोही परवानगीशिवाय केलेला. मूळ लेखक, मूळ प्रकाशन आणि मूळ तारीख या तिन्ही गोष्टी नसतील तर ते श्रेय नव्हे. आणि नुसतं श्रेय दिलं म्हणून परवानगी मिळत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनुवादकाचं नाव मूळ लेखकाच्या नावालगत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या जवळपास. लेखाच्या तळाशी ६ पॉइंटाच्या बारीक अक्षरांत नको. यांत्रिक अनुवाद करून त्यावर माणसाने काम केलं असेल तर तो माणूस अनुवादक म्हणून सही करू शकतो, पण प्रत्येक वाक्य मुळाशी ताडून पाहिलं असेल तरच.

कलम_परिशिष्ट

चौथ्या प्रश्नाबद्दल. देशागणिक उत्तर बदलतं, आणि बदल बराच मोठा आहे.

कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम ६ (दुसरे) मध्ये लेखकाला 'ही कृती माझी' असं म्हणण्याचा आणि विपर्यास झाल्यास हरकत घेण्याचा हक्क आहे. ही भर १९२८ च्या रोम परिषदेत पडली. म्हणजे आर्थिक हक्क विकून टाकले तरी हा हक्क उरतो. पण सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात सारख्या ताकदीने उतरवलेला नाही.

ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात हा हक्क आहे, पण तो लेखकाने लेखी सांगावा लागतो, आणि वृत्तपत्र-नियतकालिकासाठी लिहिलेल्या मजकुराला तो चक्क लागूच नाही. अमेरिकेत लेखकांसाठी असा सर्वसाधारण हक्क संघराज्याच्या कायद्यात नाही. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा कर्ता कायद्याच्या नजरेत नोकरी देणारा मालकच असतो. तिथे बायलाइन येते ती करारातून, कामगार संघटनेच्या करारातून किंवा रिवाजातून. काही संघटनांच्या करारात तर उलटाही हक्क असतो: पत्रकार आपलं नाव काढून घेऊ शकतो. पगाराच्या वाटाघाटी अडल्या की सगळ्यांनी मिळून नावं काढून घ्यायची आणि अंक 'प्रतिनिधी' छापच निघायचा, या निषेधाला बायलाइन संप म्हणतात.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कर्तृत्वाचा हक्क देतं, आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी तो राहतो. कलम १७ चा गोंधळ मात्र बहुतेकांना माहीत नसतो. वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात नोकरीवर असलेल्याने त्याच प्रकाशनासाठी लिहिलं, तर वृत्तपत्र-नियतकालिकांत छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा. बाकी बाबतींत, वेगळा करार नसेल तर, तो लेखकाचा. बाहेरच्या लेखकाला हे कलम लागूच होत नाही. त्याचा हक्क त्याच्याकडेच असतो, आणि हस्तांतर लेखी व सही केलेलं असेल तरच खरं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतं. तेव्हा 'मानधन दिलं म्हणजे लेख आपला' हे गृहीत चुकीचं. 'वेबसाइटवरही टाकू' हे संमतिपत्रात स्पष्ट लिहून घ्या.

जुनी_फाइल

मधेच थोडा इतिहास, कारण 'नाव न देणं म्हणजे अन्याय' असा सूर लागतोय. लेखाला नाव ही रीत तशी अलीकडची. लंडनच्या टाइम्समध्ये बातम्यांवर बातमीदारांची नावं यायला १९६७ उजाडलं. टाइम्स लिटररी सप्लिमेंटमधली परीक्षणं १९७४ पर्यंत निनावी होती. १८४३ मध्ये निघालेलं इकॉनॉमिस्ट हे साप्ताहिक आजही बहुतेक लेख विनानावाचे छापतं, कारण मजकूर साप्ताहिकाच्या सामूहिक आवाजात बोलतो अशी त्यांची भूमिका आहे.

आणि जिथे नावं सक्तीची झाली तिथे हेतू लेखकाचा मान हा नव्हता. फ्रान्समध्ये १८५० च्या कायद्याने राजकीय, तत्त्वज्ञानविषयक आणि धार्मिक लेखांवर सही सक्तीची केली ती लिहिणाऱ्याला धरता यावं म्हणून. अमेरिकन यादवी युद्धात जनरल हूकर यांनी १८६३ मध्ये वार्ताहरांना नाव घालायला लावलं, तेही लष्करी माहिती फोडणारा कोण हे कळावं म्हणून. नाव नसेल तर जबाबदारी संपादकावर येते. केसरीतल्या १९०८ च्या लेखांसाठी टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली ती संपादक-प्रकाशक म्हणून ते उत्तरदायी होते यामुळेच. अग्रलेखाखाली आजही नाव नसतं त्यामागे हेच आहे.

टॅगबंद

पाचव्या प्रश्नाकडे येतो.

'अ‍ॅडमिन' का दिसतं? वर्डप्रेससारख्या, वेबसाइट चालवायच्या प्रणालीत लेख ज्या खात्यातून चढवला ते खातं आपोआप लेखक ठरतं. तुमच्याकडे एकच माणूस सगळं चढवत असणार. दुरुस्ती अशी करा:

आधी सगळ्या लेखांची यादी स्प्रेडशीटमध्ये काढा: पत्ता, शीर्षक, आत्ताचं 'लेखक' नाव, छापील अंकातलं खरं नाव. चौथा रकाना छापील अंक समोर ठेवून भरावा लागेल. त्याला सुटका नाही.

मग पाहुण्या लेखकांसाठी आणि सहलेखकांसाठी प्लगइन (प्रणालीला जोडायची छोटी भर) बसवा. को-ऑथर्स प्लस यासाठी बराच वापरला जातो. त्यात लॉग-इन न देताही लेखकाची नोंद करता येते. बाहेरच्या लेखकाला केवळ नाव दिसावं म्हणून खातं काढून देऊ नका, न वापरलेली खाती म्हणजे चोरवाटा.

'अ‍ॅडमिन' खातं काढून टाकताना जपून. 'या खात्याच्या लेखांचं काय करायचं' असं प्रणाली विचारते: सगळे पुसायचे, की दुसऱ्याच्या नावावर करायचे? पहिला पर्याय निवडलात तर लेखच कचऱ्यात. दुसरा निवडलात तर सगळे एकाच नव्या माणसाच्या नावावर. संस्थेतून कोणी गेलं आणि त्यांचं खातं बंद केलं की वर्षानुवर्षांचे लेख एका रात्रीत भलत्याच्या नावावर जातात, ते असं. बाहेर पडलेल्या माणसाचं खातं काढायचं नाही, त्याचे अधिकार काढायचे. आणि काहीही करण्याआधी बॅकअप.

पानाच्या आत शोधयंत्रांसाठी दिलेल्या, वाचकाला न दिसणाऱ्या माहितीत प्रत्येक लेखकाची नोंद वेगळी हवी. 'क आणि ख' अशी एकच नोंद केली तर यंत्राला तो एकच माणूस वाटतो. नावाच्या रकान्यात फक्त नाव. 'लेखक:', 'डॉ.', पद, संस्थेचं नाव काहीही नको. गूगलच्या सूचनाही हेच सांगतात. लेखक संस्था असेल तर प्रकार 'व्यक्ती' न ठेवता 'संस्था' ठेवा.

आता खास देवनागरीतला त्रास. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातला 'ऱ्ह' दोन प्रकारे साठवला जातो: एक नुक्तेवाला 'ऱ' आणि हलन्त, दुसरा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्ह-वर्ण. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, आतून वेगळे. परिणाम असा की एकाच लेखकाची दोन पानं तयार होतात, सात लेख इथे, चार तिथे, आणि शोधात निम्मेच सापडतात. 'ज्योत्स्ना'सारख्या जोडाक्षरी नावात न दिसणारा वर्ण घुसला की तेच. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतर केलेला मजकूर असेल तर हे हमखास होतं. म्हणून नाव रूपांतरित फाइलमधून उचलू नका. एकदा नीट टाइप करा आणि पुढे यादीतून निवडा.

पानजुळणी

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. लेखक ऐन वेळी 'माझं नाव काढा' म्हणाला तर? आणि टोपणनावाने लिहू द्यायचं असेल तर संपादकाने काय जपायचं?

रात्रपाळी

नाव काढायची मागणी पान छपाईला सुटण्याआधी आली तर मान्य करा, कारण विचारा पण अट घालू नका. बहुतेक वेळा कारण हेच असतं की संपादनात अर्थ बदलला. तेव्हा आधी तो परिच्छेद पुन्हा पाहा, नाव काढण्यापेक्षा वाक्य दुरुस्त करणं स्वस्त. नाव काढलं तर त्या जागी 'प्रतिनिधी' किंवा मोकळी जागा. दुसऱ्या कोणाचं खरं नाव तिथे कधीही टाकायचं नाही, त्याने संमती दिली असली तरी. बाहेरच्या लेखकाचा लेख असेल आणि करारात काही म्हटलेलं नसेल तर नावासकट लेखही मागे गेला असं समजा.

छापून झाल्यावर नाव पुसता येत नाही. वेबवर काढण्याची मागणी आली तर धमकी, जिवाचा धोका किंवा बदललेलं नाव या कारणांसाठी काढा वा बदला, आणि तिथे जाहीर टीप देऊ नका, टिपेनेच माणूस उघडा पडतो. 'आता मला ते मत पटत नाही' हे कारण पुरेसं नाही.

टोपणनाव देताना खरं नाव किमान एका जबाबदार माणसाला, म्हणजे संपादकाला, ठाऊक हवंच. बदनामीचा दावा आला तर उत्तर त्यालाच द्यायचं आहे. वाचकाला हे टोपणनाव आहे असं कळू द्या, 'नाव बदलले आहे' ही तीन शब्दांची ओळ पुरते. आणि टोपणनावाला खोटा परिचय किंवा दुसऱ्याचा फोटो जोडायचा नाही, तिथे टोपणनाव संपतं आणि फसवणूक सुरू होते.

टॅगबंद

टोपणनाव फुटतं ते बहुधा गप्पांतून नाही, फाइलमधून फुटतं. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं खरं नाव असतं, शेरे आणि बदलांच्या नोंदींतही असतं. त्यावरून केलेल्या पीडीएफमध्ये ते तसंच जातं. वेबवर दाखवायचं नाव बदललं तरी लेखकाच्या पानाचा पत्ता लॉग-इन नावावरून बनलेला असतो. त्या नावावर टिचकी मारली की वरच्या पट्टीत खरं आडनाव हजर. फोटोच्या आतल्या माहितीत छायाचित्रकाराचं नाव आणि कधी जागाही असते. आणि मानधनाची यादी, जी पैसे खात्यावर पाठवायचे म्हणून खऱ्या नावानेच असते, ती कोणाकोणाला ईमेल होते ते पाहा. मजकूर साध्या टेक्स्टमध्ये घेऊन नव्या फाइलमध्ये चिकटवला की पहिल्या दोन अडचणी मिटतात.

संदर्भसूची

दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे तुमचा लेख उद्धृत करणाऱ्यांच्या बाजूने. नाव नसलेला लेख उद्धृत करताना एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीत शीर्षकच लेखकाच्या जागी येतं. 'अनामिक' असं लिहायचं ते मूळ लेखावर तसं छापलं असेल तरच. वेबवरचं 'अ‍ॅडमिन' हा लेखक धरायचा नसतो, पण विद्यार्थी आणि स्वयंचलित साधनं तो धरतात, आणि मग संदर्भयाद्यांत 'अ‍ॅडमिन (२०१९)' अशा नोंदी कायमच्या बसतात. तुम्ही आज साइट दुरुस्त केली तरी त्या तशाच राहतील. म्हणून ज्या लेखांना बाहेरून जास्त दुवे आहेत ते आधी दुरुस्त करा.

पुरवणीवाला

कृत्रिम बुद्धिमत्तेचंही नियमात घाला, नाहीतर सहा महिन्यांनी नवा प्रश्न टाकाल. साधन लेखक होत नाही, कारण ते फोनला उत्तर देत नाही (रात्रपाळींची कसोटी). मजकूर यंत्राने तयार केला असेल तर तसं लिहा आणि तपासणाऱ्या माणसाचं नाव द्या. 'टीम' किंवा 'स्टाफ' अशा सामूहिक नावामागे ते लपवू नका. सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक वेबसाइटने २०२२ च्या अखेरीपासून अशाच सामूहिक नावाखाली यंत्रलिखित ७७ लेख टाकले होते आणि २०२३ मध्ये त्यातल्या ४१ ना दुरुस्त्या द्याव्या लागल्या. शुद्धलेखन तपासायला साधन वापरलं तर सांगायची गरज नाही, आपण शब्दकोशालाही श्रेय देत नाही.

पानजुळणी

चालू अंकात एका लेखावर चुकीचं नाव छापून गेलंय. दुरुस्ती कुठे आणि कशी?

रात्रपाळी

पुढच्या अंकात, लेख ज्या विभागात होता त्याच विभागात, शक्यतो त्याच पानावर. मजकूर असा: अमुक अंकातल्या, अमुक पानावरच्या, अमुक शीर्षकाच्या लेखाचे लेखक अमुक आहेत. चुकीचं छापलेलं नाव पुन्हा छापायचं की नाही? श्रेय भलत्या माणसाला गेलं असेल तर छापा, नाहीतर तो माणूस आयुष्यभर त्या लेखाबद्दल उत्तरं देत बसेल. नुसती अक्षराची चूक असेल तर फक्त बरोबर रूप द्या. 'अनवधानाने', 'तांत्रिक कारणामुळे' हे शब्द काढून टाका.

त्रैमासिक आहे म्हणजे पुढचा अंक तीन महिन्यांनी. तोवर थांबू नका. वेबवर आज दुरुस्त करा आणि लेखाच्या तळाशी तारखेसह टीप ठेवा. अंकाची पीडीएफ विक्रीला किंवा वाचनाला असेल तर तीही बदला आणि पहिल्या पानावर सुधारित प्रत असल्याचं लिहा. अनुक्रमणिका वेगळी फाइल असते, ती विसरली जाते. वर्षाअखेरची लेखकसूची करणाऱ्यालाही आत्ताच कळवा, कारण ती छापील अंकावरून होते आणि चूक तिथे पुन्हा उगवते. आणि मानधन कोणाच्या नावाने गेलं तेही पाहून घ्या.